वडिलांच्या गाडीला नवं इंजिन

गल्लीत त्यांना सगळे अस्सलराव म्हणत. जुन्या गाड्या दुरुस्त करणारे पुष्कळ असतात, पण हे म्हणजे एक वेगळंच प्रकरण. गिऱ्हाईक म्हणालं, "दुसरा पार्ट बसवा हो, चालेल," की हे पाना खाली ठेवत. "चालायला हातगाडीही चालते!" मग मूळ कंपनीचा भाग मिळेपर्यंत ती गाडी ठोकळ्यांवर तिष्ठत राहायची.

गॅरेजात आतल्या अंगाला वडिलांची गाडी होती. अस्सलराव तिला पुसत, रविवारी इंजिन सुरू करून कान देऊन ऐकत आणि पुन्हा झाकून ठेवत.

त्यांची थोरली बहीण नर्स होती. निवृत्त झाली आणि वर्ष सरायच्या आत तिला अर्धांगाचा झटका आला. त्यातून उठली, पण डावा पाय रुसला तो रुसलाच. जीभ मात्र शाबूत. एका दुपारी काठी टेकत ती गॅरेजात आली, गाडीत चालकाच्या जागी बसली आणि क्लच दाबून पाहिला. पाय घसरला.

"हा क्लच काढून टाक," ती म्हणाली.

"ताई, तो काय बुटातला खडा आहे? आपोआप गिअर पडणारी गाडी हवी तर गिअरबॉक्स बदलायला हवा. आणि तो या इंजिनाला जुळायचा नाही."

"मग इंजिन बदल."

"बाबांचं इंजिन?"

"बाबांनी मला या गाडीत चालवायला शिकवलं. तू नुसती पुसत बसलायस."

हे वर्मी लागलं. अस्सलराव आठवडाभर घुम्यासारखे वागले. शेवटी बायकोनेच विषय काढला. "काल ताई बसस्टॉपवर दिसल्या. विचारलं, कुठं निघालात? तर म्हणाल्या, कुठं नाही गं, गाड्या बघत बसलेय."

अस्सलरावांचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी ते भंगारवाल्याकडे गेले. मागून धडक बसलेली, आपोआप गिअर पडणारी एक व्हॅन तिथे पडली होती. मागचा भाग चेपलेला, पण इंजिन आणि गिअरबॉक्स धडधाकट.

"कुणासाठी नेताय?" भंगारवाल्याने विचारलं.

"माझ्या गाडीला."

"तब्येत बरी आहे ना?"

खरं घोडं पेंड खायला लागलं ते इंजिन बसवताना. इंजिनाखालचं तेलाचं भांडं पुढच्या आडव्या पट्टीवर टेकत होतं. ते कापून उथळ केलं आणि पुन्हा वेल्डिंग केलं. नवा गिअरबॉक्स लांब, म्हणून चाकांकडे जाणारा दांडा टर्नरकडून आखूड करून घेतला. शेवटी उरला गाडीचा तळ. तिथला पत्रा कापल्याशिवाय गिअरबॉक्स मावत नव्हता. अस्सलरावांनी खडूने रेघ मारली, पुसली, पुन्हा मारली. कटर हातात धरून नुसते उभे राहिले.

"कापतोस, की मी कापू?" स्टुलावर बसलेली ताई म्हणाली.

"तू गप्प बस गं," ते म्हणाले, आणि खडूची रेघ पुन्हा एकदा अंगठ्याने चाचपली. ताई खरंच गप्प बसली. मग त्यांनी कापलं.

गाडी बाहेर निघाली त्या सकाळी ताईने हॉर्न वाजवून विचारलं, "येतोस की राहतोस?" ते बसले. हमरस्ता लागताच तिने वेग घेतला, तसे यांनी दोन्ही पाय तळाशी रोवले.

"पाय वर घे. ब्रेक माझ्याकडे आहे."

"आवाज मिक्सरसारखा येतोय."

"येऊ दे."

ती हसत होती. आजारपणानंतर अस्सलराव तिला पहिल्यांदाच हसताना पाहत होते. त्यांनी खिडकीची काच खाली केली.

जुन्या गाड्यांच्या क्लबाने या गाडीला आपल्या दरवर्षीच्या मिरवणुकीतून वगळलं. 'गाडी बाटवली' असं तोंडावर म्हणायलाही काहींनी कमी केलं नाही. अस्सलरावांना ते लागलं. नाही कसं लागणार? वडिलांचं इंजिन त्यांनी तेल लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलं आहे. ताई मात्र आता आठवड्यातून दोनदा आपल्या जुन्या मैत्रिणींना गाडीत घालून गावाबाहेर फिरवून आणते. त्या चौघी मिळून एवढा कालवा करतात की इंजिन ऐकूच येत नाही.