नगररचनाकारांचा ग्रुप आणि सुगंधाकाकूंचा निरोप

मागच्या मंगळवारी दुपारी श्रीवर्धनला घरी जेवत होते, तेवढ्यात माझ्याच ग्रुपवर एक मेसेज आला… “इथे काही टाकू नका, ताई आहे. नव्या ग्रुपवर बोला.”

लगेच तो डिलीट झाला. पण मी वाचला होता… आणि ती ताई म्हणजे मीच.

मी नगररचनाकार. म्हणजे गाव कुठल्या बाजूला वाढावं, रस्ता कुठून जावा, पाणी कुठून वाहावं याचे आराखडे करणारी. नवी मुंबईतली नोकरी सोडून गावी परतले तेव्हा लक्षात आलं, किनाऱ्यावर हे काम करणारे आम्ही बरेच आहोत, पण प्रत्येक जण आपापल्या टेबलावर एकटा. अडलं तर विचारायचं कुणाला?

म्हणून ग्रुप काढला. एकेकाला फोन करून जोडलं. पहिली काही वर्षं फार छान गेली… कुणी एखाद्या नियमाचा अर्थ विचारायचं, कुणी जुना नकाशा शोधून द्यायचं. एकदा चौलला एका मेंबरच्या वाडीत सगळे जमलो आणि शहाळी पीत संध्याकाळपर्यंत चक्क गटारांवर बोलत बसलो! मला वाटलं, आपली माणसं सापडली.

मग या उन्हाळ्यात मी तिथे एक फोटो टाकला. बोर्ली पंचतनच्या अलीकडे एका वस्तीला लागून बंगल्यांचे प्लॉट पडत होते आणि त्यासाठी तिथला वहाळ भराव टाकून बुजवला होता. डोंगरावरचं सगळं पाणी त्याच वहाळातून खाडीला जातं. मी लिहिलं, पावसाच्या आत हरकत घेऊ, माझ्याबरोबर सही कोण कोण करेल?

कुणीच काही बोललं नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. हळूहळू ग्रुपच गप्प झाला… मी समजले, सगळे कामात असतील. शेवटी एकटीनेच अर्ज दिला. त्याचंही उत्तर आलं नाही.

मंगळवारी तो मेसेज वाचल्यावर मी निलोफरला फोन केला. ती माझी कॉलेजपासूनची मैत्रीण आणि या ग्रुपची दुसरी ॲडमिन.

“दुसरा ग्रुप आहे का गं?”

ती म्हणाली, “आहे. तुझा फोटो आला ना, त्यानंतर काढला. त्या प्लॉटांचा लेआउट आपल्यातल्याच दोघांनी केलाय. बाकीच्यांनाही त्याच बिल्डरकडून कामं येतात.”

“आणि तू?”

“मीपण आहे तिकडे. ह्यांची दुबईची नोकरी गेलीय, घर माझ्यावर चाललंय… सही करायची हिंमत नाही माझी. पण तू विचारलंस तर तुझ्याशी खोटं नाही बोलणार.”

मला राग यायला हवा होता. आला नाही… अर्धवट जेवलेलं ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं.

त्या रात्री पाऊस कोसळला आणि सकाळी सुगंधाकाकूंचा फोन आला. काकू त्याच वस्तीतल्या. भरावाचा पहिला डंपर आला तेव्हाही त्यांनीच मला कळवलं होतं.

मी पोचले तेव्हा घरात पोटरीएवढं पाणी होतं. गाद्या भिजल्या होत्या, तांदळाचा डबा खाटेवर चढवून ठेवला होता. काकूंनी मला बघितलं आणि पहिलाच प्रश्न केला, “ताई, तुमी फोटो टाकलेला ना तुमच्या ग्रुपवर? मंग काय बोलली ती लोकं?”

खरं सांगायला जीभ रेटेना. “अजून कुणी काही बोललं नाही, काकू.”

“आसं? मंग मला घ्या त्या ग्रुपवर. मी बोलते.”

मी त्यांचा नंबर जोडला. काकूंनी पदर सारखा केला, फोन तोंडाशी धरला आणि व्हॉइस मेसेज पाठवला.

“नमस्कार. मी सुगंधा. आमच्या घरात पानी शिरलाय. आदी कदी शिरत नवता. तुमी सगली शिकलेली मानसं, तुमाला ठावूक असंल पान्याची वाट कुठं गेली ती. एकदा येऊन बघून जा. च्या ठेवते.”

मी माझ्या फोनवर बघत उभी होते. मेसेज ऐकला जात होता… मग एक जण ग्रुप सोडून गेला, हे फक्त ॲडमिनलाच दिसतं. मग आणखी एक. मग पटापट, एकामागोमाग एक. ज्याच्या वाडीत आम्ही शहाळी प्यायलो होतो, तोही गेला. निलोफर तेवढी राहिली, पण लिहिलं तिनेही काही नाही.

“पोचला का वो निरोप?” काकूंनी विचारलं.

“पोचला, काकू.”

“मंग येतील,” असं म्हणून त्या गोधडी पिळायला लागल्या.

कुणी आलं नाही. वहाळ तसाच बुजलेला आहे आणि पावसाळा अजून बराच बाकी आहे. हे इथे लिहून काही हलेल, असंही मला आता वाटत नाही…

तरी काकूंचे आभार. इतकी वर्षं चाललेल्या त्या ग्रुपवर एवढं सरळ, मनापासून ‘या’ कुणी म्हटलं नव्हतं. आणि त्या निरोपाचं पुढे काय झालं, हे मी त्यांना अजून सांगू शकलेले नाही.