महिन्याचा दंड आगाऊ

गेल्या वर्षी एक जूनला सकाळी भवानी पेठेत दादाच्या घरी पंधराशे रुपये जमा झाले, प्रत्येकी पाचशे. हजर तिघेच: थोरला दादा, वहिनी आणि मी. वहिनीने आणि मी रोज तळ्याभोवती फिरायचं, दादाने दवाखान्यात ड्रेसिंगला जायचं. एक दिवस चुकला की वीस रुपये दंड. एकदाही न चुकणाऱ्याला दंडाची सगळी रक्कम. नियम माझाच. दादाची साखर तीनशेच्या वर होती आणि डाव्या अंगठ्याखालची जखम भरत नव्हती.

दादाने लगेच आणखी शंभराची नोट पुढे केली. "तीस दिवसांचे सहाशे झाले की. आता महिनाभर मला हाक मारायची न्हाय."

दंडाचा धाक बसेल असं मला वाटलं होतं. त्याने तर न जाण्याची फी भरून टाकली.

"तुम्ही त्याला काही बोलत का नाही?" मी फिरताना वहिनीला विचारलं.

"भावजी, तुमी साखरेला भिऊन चालता. मी येते, कारण ह्या तासाभरात मला कुणी चहा मागत न्हाय. त्यांना कशानं यावंसं वाटंल, ते त्यांनाच ठाऊक."

मला राहवलं नाही. साखरेमुळे वडिलांचा पाय कापावा लागला होता, त्याची मी दादाला आठवण करून दिली.

"वडलांनी साखर सोडली, भात सोडला. तरी पाय गेलाच की. मग मी कशाला जीव मारून जगू?"

तेव्हा आम्ही दोघं वडिलांच्या एकाच खाटेशेजारी उभे होतो. मी तिथून भीती घेऊन आलो आणि तो हे.

नऊ दिवस तो गेला नाही. पुतण्याचं, म्हणजे दादाच्या मुलाचं, लग्न जुलैच्या पहिल्या आठवड्यात अकलूजला ठरलं होतं. नवव्या दिवशी संध्याकाळी मी गेलो, तर दादा पट्टी सोडून पायाकडे बघत बसलेला.

"मुलीकडच्यांत दारातच व्याह्याचे पाय धुत्यात. चारचौघांत हा पाय ताटात ठेवू?"

"मधुमेह आहे म्हणून सांगायचं."

"तुला लई सोपं वाटतं."

दहाव्या दिवसापासून तो दवाखान्यात जाऊ लागला. खरंच जातो का, हे बघायला मी तीनदा दवाखान्यासमोर उभा राहिलो. माझं फिरणं तेवढे दिवस बुडालं. जखम हाडापर्यंत गेली नव्हती. लग्नाच्या दिवशी तिच्यावर पातळ कातडी धरली होती आणि दादाने पाय ताटात ठेवला.

व्याही पाणी घालत होते, तेव्हाही माझं लक्ष त्या कातडीवरच होतं. दर महिन्याला पाय दाखवायला या, असं डॉक्टरांनी सांगितलंय. येताना गाडीत मी तो विषय काढला, तर दादा खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी हिशेब केला. दादाला चारशे वीस, मला चारशे चाळीस आणि एकही दिवस न चुकलेल्या वहिनीला सातशे चाळीस रुपये दिले.