थिक नव्हे, थिकनेस

कोल्हापूरच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी कास्टिंग तपासते. पंपाची बॉडी ओतून, घासून, साफ होऊन माझ्या टेबलावर येते. मी व्हर्नियर लावून माप घेते, हार्डनेसच्या मशीनवर धरते, उजेडात फिरवून भेगा-भोकं बघते आणि चांगली इकडं, खराब तिकडं करते. आयटीआय करून लागले तेव्हापासून हेच. माप मी घ्यायचं, तोंडी सांगायचं, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या डिप्लोमावाल्यानं ते इंग्रजीत लिहायचं, अशी आमची वाटणी होती.

मग त्याला पुण्यात नोकरी लागली आणि तो गेला.

सुपरवायझर साहेब म्हणाले, “ताई, नवा माणूस येईपर्यंत तुम्ही मराठीत लिहून ठेवा. संध्याकाळी मी बसून इंग्रजी करतो.”

“मीच लिहिते की साहेब.”

“कस्टमर चेन्नईचा हाय. रिपोर्ट इंग्रजीत लागतोय.”

“शिकीन.”

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. हसले मात्र नाहीत. “शिका. पर माझा रिपोर्ट चुकू देऊ नका.”

पहिल्या दिवशी मी लिहिलं, ‘वॉल थिक नॉट ओके. हार्ड ओके. रिजेक्ट.’ साहेबांनी पेन काढून थिक, हार्ड, रिजेक्ट हे तिन्ही शब्द खोडले आणि वर थिकनेस, हार्डनेस, रिजेक्शन असं लिहिलं. मला ते पटेना. थिक म्हणजे जाड हे मला ठाऊक होतं. हे तिन्ही शब्द तर आम्ही दिवसभर तोंडानं बोलतो. मग लिहिताना मी शेपूट का तोडलं, आणि ते शेपूट तिथं कशाला होतं? विचारायला गेले तर साहेब भट्टीकडं निघाले होते.

आम्ही ज्या घरात भाड्यानं राहतो त्या घराच्या मालकीणबाई जैन आहेत, मी त्यांना काकू म्हणते. जयसिंगपूरच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण होतं, म्हणून चारच्या सुमाराला त्या पुढच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर, भाजी निवडत बसतात. माझी पहिली पाळी सुटून मी त्याच वेळेला घरी येते. त्या दिवशी आंघोळ करून मी तडक त्यांच्यासमोर बसले आणि साहेबांनी खोडलेला कागद दाखवला.

“बॉडीची भिंत मापलीस तवा काय मापलंस? जाड मापलंस का जाडी?” त्यांनी विचारलं.

“जाडी.”

“मग? आपण जाडला ई लावली, त्यांनी थिकला नेस लावलं. विशेषणाचं नाम झालं.”

“म्हणजे कशालाबी नेस लावायचं?”

काकूंनी गवारीची शेंग खाली ठेवली. “गोड?”

“गोडवा.”

“आंबट?”

“आंबटपणा.”

“आंबटवा का न्हाय?”

मी एक शेंग उचलून मोडली.

“शहाणा?”

“शहाणपण.”

“लांब?”

“लांबी.”

“आणि लांबपण म्हणालीस तर?”

“लोक हसतील, काकू.”

“इंग्रजीतबी तसंच. लाँगनेस न्हाय, लेंथ. वाइडची विड्थ, डीपची डेप्थ. कुणाच्या मागं काय लागायचं ते लोकांच्या तोंडानं ठरलेलं असतंय. ऐकायचं आणि पाठ करायचं. दुसरी वाट न्हाय.”

पाठ करायला मी कधी भ्याले नाही. दुसऱ्या दिवसापासून एकेक बॉडी हातात घेतली की मी तिच्या दुखण्याचं नाव फोडून बघायची. धातू थंड होताना आकसतो तो श्रिंक, त्याचं श्रिंकेज. पाणी झिरपतं ते लीक, त्याचं लीकेज. तपासते ते इन्स्पेक्ट, त्याचं इन्स्पेक्शन. मापते ते मेजर, त्याचं मेजरमेंट. फौंड्रीच्या आवाजात कुणाला ऐकू जात नव्हतं, म्हणून मोठ्यानं म्हणायची.

मिसरनपाशी मात्र मी थबकले. बॉडीचा कोपरा अर्धवट राहिला की त्याला आमच्याकडं मिसरन म्हणतात. इतकी वर्षं मी तो शब्द ‘मिश्रण’ समजत होते. भट्टीत लोखंडाचं मिश्रण बिघडलं की कोपरा राहतो, असं मीच मनाशी ठरवून टाकलं होतं.

हे सांगितलं तेव्हा काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, “गैरसमज शब्दात गैर हाय ना, तसा हा मिस पुढं बसतोय. रन म्हणजे धावणं. लोखंडाचा रस जिथं धावत जायचा तिथवर गेला न्हाय, वाटेतच गोठला. हे बघ, मागं लागतो तो प्रत्यय, पुढं लागतो तो उपसर्ग. दोन्हीकडनं चाचपत जा, मधी खरा शब्द गावतोय.”

रात्री जेवताना नवऱ्यानं माझी परीक्षा घेतली. ते दुधाचा टेम्पो चालवतात.

“ड्रायव्हर कशावरनं?”

“ड्राइव्हवरनं.”

“क्लीनर?”

“क्लीन.”

“आणि डॉक्टर?”

मी अडकले. ‘डॉक्ट’ म्हणजे काय ते मला सुचेना, आणि ते खुशीत आणखी एक भाकरी घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगितलं, “डॉक्ट असं इंग्रजीत काय न्हाय. तो शब्द लॅटिनमधनं सगळाच्या सगळा आला. शेवट सारखा दिसला म्हणून दर वेळी तोडायला जाऊ नगंस.”

एवढं सांगूनसुद्धा मी घसरलेच. घाईच्या दिवशी मेजरमेंट, अ‍ॅडजस्टमेंट लिहिता लिहिता खाली लिहून गेले, ‘रिजेक्टमेंट’. जो शब्द रोज तोंडात होता तोच. तो कागद साहेबांच्या आधी घासकाम खात्यातल्या पोरांच्या हातात पडला. जेवणाच्या सुट्टीत एकजण लांबूनच ओरडला, “ओ रिजेक्टमेंट मॅडम, डबा खावा की!” सगळी बाकं हसली. मी डबा उघडला, दोन घास खाल्ले. डबा झाकला. सेफ्टीचा चष्मा परत चढवला आणि टेबलावर जाऊन उभी राहिले. डोळे चष्म्याच्या आत भरून आले होते. तरी तो कागद परत मागवून नवा लिहिला, ‘रिजेक्शन’, आणि स्वतः नेऊन दिला. ती पोरं बरेच दिवस तीच हाक मारत राहिली. मी प्रत्येक वेळी ‘ओ’ दिली. मग त्यांना कंटाळा आला.

पावसाळ्यानंतर चेन्नईचा माणूस ऑडिटला आला. त्याला मराठी-हिंदी येत नव्हतं. माझ्या टेबलापाशी थांबून त्यानं माझा रिपोर्ट उचलला आणि एकच शब्द विचारला, “ट्रेसेबिलिटी?”

साहेब उत्तर द्यायला पुढं झाले. त्यानं हात वर करून त्यांना थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं.

हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मागून चाचपलं: एबिलिटी, म्हणजे करता येणं. पुढं ट्रेस. आयटीआयत ड्रॉइंगला ट्रेसिंग पेपर वापरला होता, खालच्या रेघेवरनं पेन्सिल न्यायची. रेघेच्या मागनं जाता येणं! मी बॉडी उलटी केली आणि ओततानाच तिच्यावर उमटलेल्या नंबरावर बोट ठेवलं. मग भट्टीकडं हात केला, तिथल्या वहीत तोच नंबर असतो. “फर्नेस. सेम नंबर.”

“गुड,” तो म्हणाला. लगेच त्यानं एक लांबलचक प्रश्न विचारला. त्यातलं मला ‘व्हाय’ तेवढं कळलं. त्याचं उत्तर साहेबांनीच दिलं. जाताना एका गेजवरचं तपासणीचं स्टिकर जुनं झालंय म्हणून त्यानं आमच्या नावावर एक नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे नियमाशी न जुळणं, लिहिली. ती चूक माझ्याच टेबलावरची होती, पण तो शब्द पुढून-मागून सोडवताना मला बरंही वाटत होतं.

आठवडाभरानं साहेब म्हणाले, “नवा डिप्लोमावाला येतोय.”

“येऊ द्या. पर माझ्या टेबलाचा रिपोर्ट मीच लिहिणार. खाली सहीबी माझी.”

“सहीला इन्स्पेक्टर लागतोय, ताई. तुमच्या गेटपासवर हेल्पर हाय.”

“मग पास बदला.”

“असं कसं बदलंल? परीक्षा हाय त्याला.”

“घ्या की.”

पहिल्या खेपेला मी नापास झाले. ड्रॉइंग वाचण्यात गुण गेले. इंग्रजीनं दगा दिला नव्हता, पण नापास ते नापासच. साहेबांनी हळूच सांगितलं, “सोडा आता, काम चाललंय ना?” मी परत फॉर्म भरला. रविवारी सकाळी ड्रॉइंग पसरून बसायची, नवऱ्यानं चहा करून द्यायचा. दुसऱ्या खेपेला पास झाले. नवीन पासवर ज्युनिअर इन्स्पेक्टर छापून आलं. पहिला सहीचा रिपोर्ट श्रिंकेजचा होता.

नवा डिप्लोमावाला आता शेजारच्या टेबलावर बसतो. चांगला मुलगा आहे, त्याचे रिपोर्ट तो लिहितो आणि माझे मी.

काकूंना पास दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो दोन्ही बाजूंनी वाचला. म्हणाल्या, “चांगलं झालं. पर नुसत्या नामांवर किती दिवस बोलशील? आता वाक्यं घेऊया.” सध्या तेच चाललंय. नामं परवडली, इतकी क्रियापदं जड जातात. काल सहा वाक्यं केली, त्यातली चार काकूंनी खोडली. ती चारही मी आज परत लिहून नेणार आहे.