गोजरबाईच्या विटा

“आधी मी पाह्यतो, मंग सांगतो,” हे गोजरबाईचं ठरलेलं बोलणं होतं. कुणी दिवस भरले म्हटलं तरी हेच, नवी म्हैस दूध किती देईल विचारलं तरी हेच.

जानेफळात तिनं तीस वर्षं बाळंतपणं केली. बाळंतीण जमिनीवर, म्हणून सुईणही जमिनीवर, उकिडवी. महाराष्ट्र होऊन चारेक वर्षं झाली असतील, तेव्हा तिचे गुडघे धरले. खाली बसली की उठवायला दोघी लागत. जिलाच उठवावं लागतं, तिला बाळंतपणाला कोण बोलावील? हे ती कधी बोलली नाही. सून रुखमाबाईला मात्र ते कळत होतं.

रुखमाबाईनं हळद गरम करून लेप आणला. सासूनं पाय मागं घेतला.

“नवरा गेलेल्या बाईच्या अंगाले हळद लावतेत काय वं?”

“मंग भाजीतली कशी चालते, आत्याबाई?”

“पोटातली कोनाले दिसते?”

मग खायचीच ठरली. दुकानदार पंजाबरावनं हळद, सुंठ आणि मिरे कुटून पुडी बांधली. “पंधरा दिवसांत धावशीन, गोजरमाय.”

गुडघा किती वाकतो ते पाहायला गोजरबाईनं ओट्यावर एकावर एक विटा रचल्या. त्या दिवशी पाच विटांवर तिला बसता-उठता आलं, त्याखाली नाही. दर सोमवारी ती बसून पाही. पंधरा दिवस झाले, पाचच. महिना झाला, पाचच. पंजाबरावनं दुकानातून विचारलं तेव्हा ती म्हणाली, “धावाचं तर तूच धाव. दुकानात बसून बसून पोट सुटलं तुहं.”

पौष सरताना चौथ्या विटेवर जमलं, फाल्गुनात तिसऱ्या. सकाळचं आखडणं पूर्वी उन्हं अंगणात येईपर्यंत टिकायचं, आता चूल पेटेपर्यंत. रुखमाबाई हरखली. गोजरबाई मात्र म्हणाली, “थंडी गेली, त्याचंही असन.” आणि चैत्रात तिनं पुडी बंद केली.

“चांगलं चाललं होतं, ते काऊन मोडता?” रुखमाबाई चिडली.

दोन आठवडे तीनच विटा राहिल्या. तिसऱ्या आठवड्यात भर उन्हाळ्यात चौथी लागली. गोजरबाईनं पुडी पुन्हा सुरू केली आणि वैशाखात तिसरीवर आली. त्याखाली गुडघा कधी गेलाच नाही.

पंजाबरावला ती म्हणाली, “दुखनं निम्मं गेलं. गुडघा पुरा वाकला नाही. गिऱ्हाइकाले दोन्ही सांगजो.”

एके दुपारी मळ्यातून वच्छलाबाई आली. तिच्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या.

रुखमाबाईनं हळूच विचारलं, “आत्याबाई, खाली बसनं होईन काय?”

“नाही होत. पोरीले बाजेवर घेतो.”

“बाजेवर बाळंतपण?” वच्छलाबाई थबकली. “आमच्या घरात कोनाचंच नाही झालं तसं.”

“माह्यानं जमीन होत नाही, वच्छला. बाज कसून ठेव, बाजूले तीन विटा मांड. पटत नसन तर दुसरी सुईन पाह्य, मी रागावत नाही.”

“चाला,” वच्छलाबाई म्हणाली आणि बाज कसायला पुढं पळाली.

गोजरबाईनं धुतलेली फडकी काखेत घेतली. नाल्याच्या उतारावर तिनं डावा हात गुडघ्यावर टेकला, एकेक पाऊल आडवं टाकत खाली गेली आणि पलीकडच्या चढाला लागली. रुखमाबाई दारात उभी राहून पाहत होती. चढावर सासू एकदा थांबली, तशी ती दोन पावलं पुढं धावली. गोजरबाईनं पदर सावरला आणि वळून न पाहता मळ्याच्या वाटेनं निघून गेली.