वाटेवरच्यांचं पाणी

तो राजापूरकडचा. आमच्या शारजाच्या कॅम्पातून खोर फक्कानच्या कच्च्या वाटेवर लॉरी न्यायचा. तोंडाने फटकळ, ‘खलास’ म्हणाला की वाद संपला. त्या काळी गावाकडची माणसं लाँचमधून चोरून यायची. लाँचवाला त्यांना खोर फक्कानला उतरवायचा, आणि तिथून ती डोंगर, वाळू तुडवत दुबईकडे चालत निघायची. त्यांच्यासाठी हा वाटेत पाण्याचे डबे ठेवायचा. कॅम्पात पाणी मोजून मिळे. हा आपलं आंघोळीचं, नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायचं वजूचं पाणी डब्यात भरी आणि त्याऐवजी वाळूवर हात मारून ते तोंडावरून फिरवी.

एका शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाआधी मुकादमाने सगळ्यांदेखत हटकलं, “लॉरीत डबे भरलेत, आणि तू वाळूने वजू करतोस? पाणी असताना हे चालत नाही!”

त्याने मान वर केली नाही. “डबे माझे. पाणी वाटेवरच्यांचं. माझ्याकडे पाणी नाही. खलास.”

मुकादम रागाने नमाजाच्या रांगेत पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. याच्या बाजूला कुणीच उभं राहीना.

माझ्या हातात वजूसाठी भरलेला लोटा होता. तो मी त्याच्या डब्यात रिकामा केला, वाळूवर हात मारले आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलो.