ऐन रोवण्यातला शिवणवर्ग

सावलीजवळच्या माझ्या सासरच्या गावात बायांसाठी सरकारी शिवणवर्ग निघाला, तो नेमका रोवण्याच्या दिवसांत. तेव्हा म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं सोडली तर घरी कोणी सापडत नाही. बाकी सारं गाव शेताच्या बांधीत, गुडघाभर चिखलात, भाताची रोपं लावत असतं. पण वर्गाची तारीख चांद्याला ठरली होती, आणि चांद्याच्या कचेरीत चिखल नसतो.

माझी थोरली नणंद नवऱ्याने टाकलेली. तिचे भाऊ, म्हणजे आमचे हे, मनाने वाईट नव्हते. "तुले इथी काय कमी हाय?" असं तिला मायेनेच विचारत, आणि विचारलं की ती ताटातला भात कमी करायची. वर्गाची दवंडी ऐकली तशी ती मला म्हणाली, "वैनी, मले भावाच्या जिवावर नाई राहाचं. शिवणं आलं का मंग मी अलग चूल मांडीन."

म्हणून आम्ही दोघी रोवणा सोडून चावडीत जाऊन बसलो. मशीन एकच. तिला हळदकुंकू वाहिलेलं, हार घातलेला, वरून पांढरं कापड. शिकवणाऱ्या बाई नागपूरच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, उद्घाटन होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. तोवर आम्ही रद्दी कागदांचे फ्रॉक कापत होतो. गावात फ्रॉक घालणारी एकही पोर नव्हती, पण ढीग चांगला जमला. नणंदेचे काप सुबक यायचे. माझा फ्रॉक ज्या मापाचा होता त्या मापाचं मूल अजून जन्मायचं आहे.

उद्घाटनाला साहेब जीपने आले. म्हणजे येत होते. गावाबाहेर जीप रुतली. बांधीतल्या बायांनी लुगडी खोचून ती ढकलत बाहेर काढली आणि पुन्हा रोवायला वाकल्या. साहेब चावडीत आले, आम्हा दोघींकडे पाहिलं, आणि या भागातल्या स्त्रिया पुढे येत नाहीत यावर त्यांनी चांगलं लांबलचक भाषण केलं.

नणंद पदर सावरत उभी राहिली. मोठ्या माणसापुढे बोलताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

"साहेब, आता तुमची गाडी ढकलली ना, त्याच बाया येतीन. रोवणा सरू द्या."

साहेब हसले. "बाई, सरकारी योजना चिखल वाळायची वाट पाहत नाही."

गावच्या पुढाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मशीनपुढे नारळ फुटला आणि बाया नाहीत म्हणून वर्ग बंद झाल्याचंही साहेबांनी तिथेच सांगून टाकलं. उद्घाटन आणि समारोप एकाच नारळात उरकला.

मशीन परत पोचवायला आमचीच बैलगाडी घेतली. खड्ड्यांत उलटू नये म्हणून नणंद तिला कवटाळून बसली. तिचा हात मशीनला लागला तो तेवढाच.

रोवणा सरल्यावर बाया चावडीवर गेल्या आणि कुलूप पाहून परत आल्या. मला त्या साहेबाचा अजून राग येतो. पुढे त्याला बढती मिळाल्याचं कळलं तेव्हा तर जेवण गेलं नाही.

नणंद भावाच्याच घरी राहिली. तिला कोणी घालूनपाडून बोललं नाही, तरी ताटावर बसण्याआधी ती रोज मला विचारायची, "वैनी, काही काम राह्यलं काय?"