वाणात दिलेली पंचवीस वर्षांची सुट्टी

ती घटना आठवली की आजही तोंड कडू होतं. उभ्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, भाऊ भावाच्या डोक्यात पाटा घालताना पाहिला. या प्रकरणात रक्ताचा थेंब नव्हता आणि कुणी कुणावर हातही उगारला नव्हता. तरी सगळ्यात जास्त संताप मला याच प्रकरणाचा आला. आरोपींचा आला, त्यात नवल नाही. पण तो फक्त आरोपींचा नव्हता.

मी तेव्हा नागपूरच्या मध्यभागातल्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. दिवाळी होऊन गेली होती. सकाळची हजेरी आटोपून मी बंदोबस्ताची वाटणी करत होतो, तेवढ्यात ठाण्यातला फोन वाजला. पलीकडे एक तरुण मुलगी होती. नाव सांगायला तयार नव्हती.

"साहेब, रामदासपेठेतल्या हॉटेलात एक कंपनी हॉल घेऊन सुट्ट्या विकून राहिली. ज्या हॉटेलच्या खोल्या विकते, त्या तिच्या नाहीतच."

"तुला कसं माहीत?"

"मीच तर फोन करून लोकायले बोलवत होती जी. पगार मागितला तर उद्यापासून येऊ नको म्हणाले."

अशा फोनला मी नेहमी अर्धी किंमत देतो. पगार बुडालेला माणूस खरं सांगतो, पण वर थोडं मीठ लावून सांगतो. तिने सक्करदऱ्यातल्या एका घराचा पत्ता दिला. तिथल्या काकांनी सगळ्यात मोठा करार घेतला म्हणाली. मी डायरीला नोंद केली आणि एका हवालदाराला सोबत घेऊन निघालो.

घर साधं, नीटनेटकं. घरधनी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. पोलीस दारात पाहून माणसं घाबरतात, हे गृहस्थ मात्र ताठ उभे राहिले. आतून त्यांची बायको पाणी घेऊन आली, भिंतीला हात लावत, एकेक पाऊल मोजून टाकत. मी कंपनीचं नाव काढलं.

"हो, घेतली नं मेंबरशिप. जावईबापूले दिली, धोंड्याच्या वाणात," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं, दरवर्षी आठ दिवस, पाहिजे त्या थंड हवेच्या ठिकाणी."

"काही तक्रार?"

"तक्रार कायची? लेक, जावई, नात पचमढीले जाऊन आले. जावईबापू स्वतः म्हणाले, मस्त झालं."

वर त्यांनी मलाच विचारलं, साहेब, तुम्हाले जावई आहे का? मी चहा पिऊन परत आलो. हवालदार जीपमध्ये म्हणाला, "साहेब, पोरीनं फालतू पळवलं आपल्याले." मलाही तसंच वाटलं.

ज्यांना धोंडा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो. त्या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, ताटात अनारसे, त्यावर दिवा, आणि सोबत ऐपतीप्रमाणे वाण. ऐपतीप्रमाणे हे म्हणायला. प्रत्यक्षात ते शेजाऱ्याच्या ऐपतीप्रमाणे असतं. देणाऱ्याने किंमत बोलायची नाही, घेणाऱ्याने विचारायची नाही, आणि दिलेलं परत घ्यायचं नाही. चांदीच्या वाटीपुरता हा नियम ठीक होता.

पुढच्या आठवड्यात एक बाई ठाण्यात आली. तिशीच्या आतबाहेरची, खांद्याला पर्स, शाळेत शिकवत असल्याचं बोलण्यावरूनच कळत होतं. ती त्याच सक्करदऱ्यातल्या काकांची मुलगी निघाली. नवरा हिंगण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर, मुलगी चार वर्षांची.

"बाबांनी तुम्हाला सांगितलं ते खोटं आहे," ती म्हणाली. "पण ते खोटं बोलत नव्हते. खोटं आम्ही बोललो होतो."

मी रायटरला बोलावलं आणि तिचा जबाब घेतला.

नवराबायकोला सुट्टीची मेंबरशिप घ्यायचीच होती. नवऱ्याच्या कारखान्यातल्या एका मित्राने पाच वर्षांचा छोटा करार घेतला होता, दोनदा जाऊनही आला होता. यांनी त्याचे कागद घरी मागवले. दोन-तीन रविवार बसून कलमं वाचली. दरवर्षी देखभालीचा खर्च किती, सुट्टी नाही घेतली तर पुढच्या वर्षी मिळते का, मध्येच सोडायचं म्हटलं तर काय, सगळं विचारून झालं. मुलगी शाळेत जायला लागली की सुट्ट्या उन्हाळ्यातच मिळणार, तेव्हा खोल्या मिळतात का, इथवर त्यांनी विचार केला होता. पाच वर्षांचा घ्यायचा असं ठरलं. आजकालची जोडपी इतकी डोळस असतात, हे ऐकून मला बरं वाटलं होतं.

तेवढ्यात धोंडा आला. काकांना कंपनीचा फोन गेला. सोडतीत तुमचं नाव निघालं, लेक-जावयाला घेऊन जेवायला या. काकांनी घरी मेंबरशिपची चर्चा ऐकली होती. त्यांना वाटलं, जावयाला हवं तेच देऊ.

हॉलमध्ये विक्रेत्याने दोन करार टेबलावर ठेवले. एक पाच वर्षांचा, एक पंचवीस. दोन्ही सगळ्यांच्या देखत, आजूबाजूच्या टेबलांवर असेच सासरे-जावई बसलेले असताना. आणि हसून म्हणाला, "काकाजी, छोटावाला पण आहे. देता का जावईबापूले?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय साहेब. बाबा छोट्याला हात लावू शकत नव्हते. आणि मोठा नको म्हटलं तर यांनी बाबांची ऐपत काढल्यासारखं झालं असतं. मी म्हटलं, बाबा, कागद घरी नेऊन वाचू. तर बाबा म्हणाले, तू चूप बस वं, वाणाची घासाघीस करतात का."

सही झाली. टाळ्या वाजल्या. शेजारच्या टेबलावरच्या सासऱ्याने लगेच पेन मागितलं, असंही ती म्हणाली.

दिवाळीत ही मंडळी पचमढीला गेली. काउंटरवरच्या माणसाने कागद पाहिला आणि सांगितलं, या कंपनीशी आमचा करार कधीच संपला, असे बरेच लोक येऊन जातात. चार वर्षांची पोर बॅगेवर बसून पेंगत होती. यांनी गावात एक लॉज शोधला, स्वतःच्या खिशातून राहिले आणि परत आल्यावर जावयाने सासऱ्याला सांगितलं, मस्त झालं बाबा. सासऱ्याचं मन मोडू नये म्हणून. त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून काकांनी आपल्या एका साडभावालाही त्याच हॉलमध्ये नेऊन बसवलं.

"मग आता का आलात?" मी विचारलं.

"आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन याच महिन्यात होणार होतं. बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू. आईने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, त्याचेच पैसे वाणात गेले. मला वाटत होतं, बाबांकडे वेगळे असतील."

"बाबांना सांगून आलात?"

"नाही. सांगितलं असतं तर येऊ दिलं नसतं."

तिने जबाबावर सही केली. तिच्या फिर्यादीवरून फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. पचमढीच्या हॉटेलमालकाकडे माणूस पाठवून करार संपल्याचं त्याचं लेखी म्हणणं आणलं. कंपनीचं ऑफिस तोवर बंद झालं होतं. पण त्या फोनवाल्या मुलीचा पुन्हा फोन आला, तिला विक्रेत्याचं घर माहीत होतं, आणि तिसऱ्या दिवशी तो आमच्या ताब्यात आला.

वाटलं होतं कुणी बाहेरचा बिलंदर असेल. निघाला इथलाच पोरगा, नुकतं लग्न झालेला, बोलण्यात लोणी. पोलीस कोठडी मिळाली, पण पहिले दोन दिवस तो एकच सांगत राहिला. "साहेब, सगळं कागदावर लिहिलं आहे. उपलब्धतेनुसार खोली मिळेल. लोकं वाचत नाहीत, त्याले मी काय करू?"

मारझोडीने असा माणूस बोलत नाही. त्याला आपल्या हुशारीचा अभिमान असतो, तिथेच त्याला धरावं लागतं. तिसऱ्या दिवशी मी फाईल मिटली आणि चहा मागवला. म्हटलं, "एक सांग गा. नागपूरची माणसं भाजी घेताना कोथिंबीर फुकट मागतात. तुझ्या हॉलमध्ये एकानेही भाव काहून नाही केला?"

तो हसला. पहिल्यांदा मोकळं हसला.

"साहेब, आम्ही माणूस नाही पाहत. महिना पाहतो. धोंड्यात सासरा भाव करत नाही, जावई तोंड उघडत नाही. दोघं एका टेबलावर बसले की आपलं काम झालं."

"कुठे शिकला हे?"

"माझ्याच सासरी. मले गाडी दिली वाणात. मले माहीत होतं कर्ज काढून देऊन राहिले. मी बोललो का? नाही बोललो. तेव्हाच डोक्यात आलं." मग म्हणाला, "आणि कम्प्लेन्ट पण कोणी करत नाही साहेब. वाण परत मागणार कोण?"

खोल्या हातात नसताना विकल्याचं त्याने त्या बोलण्याच्या भरात सांगून टाकलं. त्यावरून मालकापर्यंत पोचलो, खातं गोठवलं. त्यात बऱ्यापैकी पैसा शिल्लक होता. गुन्हा शाबित झाला असता तर काकांच्या बायकोच्या ऑपरेशनापुरतं तरी परत मिळालं असतं. मी खुशीत होतो. पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही हे मला माहीत होतं, म्हणून करार घेतलेल्या इतरांची घरं पालथी घातली. कुणी म्हणे आम्ही गेलोच नव्हतो, कुणी म्हणे विचार करून सांगतो. साडभाऊ तर मागच्या दाराने निघून गेले. शेवटी सगळा भार काकांच्या साक्षीवर आला. पैसे त्यांचे होते, फसवलं त्यांना होतं.

मुलीने फिर्याद दिल्याचं कळल्यापासून ते तिच्याशी बोलत नव्हते. जावयाच्या घरच्यांना सगळं समजलं, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. मी दोनदा घरी जाऊन समजावलं. जावईही पाया पडला. म्हणाला, ऑपरेशनचे पैसे मी भरतो, तुम्ही फक्त खरं सांगा. काकांनी त्याला उभं केलं आणि म्हणाले, "जावयाच्या पैशानं बायकोचे पाय दुरुस्त करू का मी? तेवढंच राहिलं आता."

खटला उभा राहिला तोवर बराच काळ गेला होता. मी दुसऱ्या ठाण्यात होतो, साक्षीसाठी आलो होतो. काका पांढऱ्या शर्टात पिंजऱ्यात चढले. सरकारी वकिलाने विचारलं, तुमची फसवणूक झाली का?

"नाही जी. मी राजीखुशीनं जावयाले वाण दिलं. दिलेल्या वाणाबद्दल माझी तक्रार नाही."

सरकारी वकिलाने त्यांना फितूर जाहीर करून उलटतपासणी घेतली. ते एका अक्षराने हलले नाहीत. आरोपीच्या वकिलाला काही विचारायचंच उरलं नाही. ज्याला फसवलं तोच फसलो नाही म्हणतो, तिथे न्यायाधीश तरी काय करणार? आरोपी सुटले आणि गोठवलेलं खातं मोकळं झालं. तो पोरगा बाहेर पडताना मला नमस्कार करून गेला, आणि त्याच्या चेहऱ्यावर कुत्सितपणाही नव्हता. माणसं कशी वागणार हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

मला काकांची गचांडी धरावीशी वाटली. चोराला माझा धाक होता. या माणसाला फक्त व्याह्यांच्या नजरेचा धाक होता, आणि त्यापुढे माझी वर्दी, कायदा, पोटची पोर, कुणाचीच किंमत नव्हती. लोक मला विचारतात, असा करार घेताना काय पाहावं. मी सांगतो, कागद घरी नेऊन वाचू देत नसतील तर उठून या. दुसरं सांगत नाही, कारण ते ऐकायला कुणाला आवडत नाही. ते हे: ज्याच्यासमोर तुम्हाला नाही म्हणायची लाज वाटेल अशा माणसाला शेजारी बसवून सही करू नका. मग तो जावई असो नाहीतर सासरा.

निकाल लागला तेव्हा काकांची बायकोही आली होती. कोर्टाच्या पायऱ्यांवर ती कठड्याला धरून उभी राहिली. चढताना कशीबशी चढली असावी, पण उतरणं तिला जमेना. मुलगी पुढे झाली, तर तिने हातानेच थांबवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"मान राहिला नं तुमचा? मग त्यालेच सांगा आता, मले खाली उतरवून दे म्हणा."

काका तिच्याकडे पाहत राहिले. पुढे झाले नाहीत. ती खाली बसली आणि बसल्या बसल्या, हाताचा आधार घेत, एकेक पायरी उतरू लागली.